बाई, चावी माझ्याकडेच होती

बाई, काल तुमचा दहावा झाला. मी ठाकुर्लीला आलेले. इतक्या वर्षांत त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, तरी चपला काढताना जुन्या सवयीने तोंडातून गेलंच, "बाई, आहात का?" आतून तुमचा मुलगा विनय आला. त्याने तुमची वेताची खुर्ची पुढे सरकवली, पण माझ्याने तिच्यात बसवेना. मी खाली सतरंजीवर बसले.

मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती फक्त तुम्हीच देऊ शकला असतात. ठाण्याच्या त्या शिबिरानंतर चहाचा कप हातात धरून तुम्ही मला म्हणालात, "छान बोलतेस गं सुलू. फक्त एक सांगायचं राहिलं तुझं. ये एकदा घरी, सांगते." त्याला आठ महिने झाले. वर्तकनगर ते ठाकुर्ली म्हणजे काय विलायत आहे? पण मी आले नाही. आधी परीक्षा, मग निकाल, मग माझा गुडघा. खरं सांगू? मला भीती वाटत होती. आणि तुम्ही तर एका सकाळी चहा गाळता गाळता गेलात. ते एक काय होतं, हे आता मला कोण सांगणार होतं?

बाकीच्यांनी काल 'आमच्या कुंदाबाई' म्हणून पुष्कळ सांगितलं तुमच्याबद्दल. नोकरी किती झाली, सत्कार कुठे झाला, कोण कोण विद्यार्थी कुठे कुठे पोचले. ऐकताना त्यात मला तुम्ही कुठे सापडतच नव्हतात. मला दिसत होत्या पेन्सिली. तिसरीत तुम्ही आमच्या वर्गावर होतात, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गाच्या पेन्सिली गोळा करायचात आणि मधल्या सुट्टीत बसून ब्लेडने एकेकीला टोक काढायचात. पदरात सगळा भुसा. "पोर अडलंच तर उत्तरावर अडू दे, पेन्सिलीवर नको," असं म्हणायचात. माझ्या पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक असायचं, कारण मी दाबून लिहायचे. एवढ्या पोरांत हे तुमच्या लक्षात असायचं.

त्याच कळव्याच्या शाळेत मी मोठी होऊन परत आले, ती एम.ए. करून, वर पदविका घेऊन, हातात चाचण्यांची पेटी घेऊन. आठवड्याचे तीन दिवस तुमच्याकडे, बाकीचे दुसऱ्या शाळांत. ऐंशीच्या दशकात शाळेत मानसशास्त्रज्ञ कशाला लागतो, हे शाळेलाच माहीत नव्हतं. शिपाई मला तोंडावर 'येड्यांची डॉक्टरीण' म्हणायचा. शिक्षक-खोलीत मला खुर्ची नव्हती, कारण मी शिक्षिका नाही. कचेरीत नव्हती, कारण मी कारकून नाही. मला मिळाली लेझीम आणि जुने नकाशे ठेवायची खोली, आणि तिथे आधीपासून तुम्ही होतात. दहा दिवसांचं एक शिबिर करून तुम्ही शाळेच्या मार्गदर्शक शिक्षिका झाला होतात. दहावीनंतर कोणी कुठल्या शाखेला जावं ते सांगायचं, एवढंच खरं तर त्या दहा दिवसांत शिकवलेलं. पण तुमच्याकडे यायची ती पाचवी-सहावीतली रडणारी पोरं.

माझी पेटी बघून तुम्ही काय हरखलात! "अगं बाई, आमची सुलू डॉक्टर झाली!" मी म्हटलं, डॉक्टर नाही हो बाई. पण तुम्ही ऐकलंत कधी? दुसऱ्या दिवसापासून तुमच्या डब्यात माझ्यासाठी एक पोळी जास्त यायला लागली. लेझमांच्या ढिगाशेजारी दोघी बसून जेवायचो. सबंध शाळेत माझ्याशी माणसासारखं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, बाई. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

भांडायचो मात्र रोज. तुम्ही रडणाऱ्या पोरीला जवळ घेऊन तिची वेणी घालत बसायचात आणि वेणी होईपर्यंत तिच्या घरातलं सगळं तुम्हाला कळलेलं असायचं. मी पुस्तकातली. "बाई, मुलांपासून अंतर ठेवायचं असतं." तुम्ही विचारलंत, "किती?" आणि लगेच पुढे, "ती बघ, नकाशांच्या मागे फळ्यावरची मीटरपट्टी आहे. आण, मोजून बसते." असा राग यायचा मला तुमचा! आणि दोन घास पोटात गेले की जायचाही.

पेटीच्या बाबतीत मात्र मी हसण्यावारी नेऊ द्यायचे नाही. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची चाचणी त्यात सगळ्यात महत्त्वाची. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरक्या अर्ध्या-अर्ध्या. कार्डावर आकृती असते, तशी मुलाने ठोकळ्यांतून करायची आणि आपण घड्याळ लावायचं. मुलाने हे आधी पाहिलेलं असलं तर चाचणी फुकट. म्हणून पेटी कपाटात, कपाटाला कुलूप आणि चावी माझ्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात. चाचणी झाल्यावर मी ठोकळे मोजून डब्यात भरायचे तेव्हा तुम्ही कितीदा तरी समोर असायचात. पण कार्डं मी पोर खोलीत यायच्या आधी काढायचे आणि ते बाहेर जायच्या आधी पाकिटात घालायचे. याचा मला केवढा तोरा होता!

मग रंजना आली. खाडीकडच्या कोळीवाड्यातली, पाचवीत, अंगाने काडी. वाचायला उभी केली की अक्षरांकडे बघत राहायची आणि मानेवर घाम यायचा. वर्गशिक्षक म्हणाले, ही मंद आहे, हिला मतिमंदांच्या शाळेत घाला. तेव्हा सगळे सरसकट तोच शब्द वापरायचे. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, चाचणी घ्या, बुद्ध्यांक काढा, कमी आला तर दाखला देऊन टाकू. तिची आई मासळीची पाटी शाळेच्या फाटकाशी ठेवून आत आली आणि माझ्या टेबलाला दोन्ही हात टेकून म्हणाली, "बाय, माजी पोर येरी हाय का नाय, ता सांग मना." पोर वेडी आहे की नाही, एवढंच विचारत होती ती. मी म्हटलं, अहवाल येईल, मग बोलू. ती तुमच्याकडे वळली. तुम्ही म्हणालात, "नाही गं. अजिबात नाही." मला ते मुळीच आवडलं नाही. चाचणीच्या आधी असं बोलतात का?

तीन आठवड्यांनी मी रंजनाला समोर बसवलं. बाई, ती घाबरली नाही. ठोकळे बघून हसली. एकेक आकृती अशी फटाफट लावत गेली की माझं घड्याळ मागे पडलं. एक तर मी कार्ड टेबलावर नीट ठेवायच्या आतच तिने लावून टाकली. माझे कान तापले. मी विचारलं, "बाईंनी शिकवलं का तुला हे?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. हो.

मधल्या सुट्टीत मी तुम्हाला विचारलं, तेही कसं, तर उभ्याने. "ठोकळे तुम्ही तिला आधी दिलेत?" तुम्ही सरळ म्हणालात, "हो. ठाकुर्लीच्या सुताराकडून नऊ करून घेतले. लाल रंग मिळेना, म्हणून नेलपॉलिश आणलं. पोर परीक्षेला जाणार आणि तिने ती वस्तू हातातसुद्धा घेतलेली नसावी? हे कसलं गं शास्त्र?" पेन्सिलीला टोक काढायचं तसेच तुम्ही ठोकळे केलेत. चाचणी म्हणजे परीक्षा नव्हे, हे तुमच्या हाडात कधी उतरलंच नाही. शिक्षक माणूसच ही चूक करू जाणे.

मी त्याच दिवशी अहवाल लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. पहिलं: चाचणीच्या साहित्याचा आगाऊ सराव झाल्याने निष्कर्ष ग्राह्य नाही. दुसरं: मार्गदर्शक शिक्षिकेने गोपनीय कार्डे विद्यार्थिनीस दाखवून आकृत्या पाठ करून घेतल्या. पहिल्या वाक्याखाली मी आजही सही करेन, बाई. त्यावर तुमच्याशी आजही भांडेन. दुसऱ्याकडे नंतर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खोलीच्या दारात उभ्या होतात. काखेत पुठ्ठ्याची खाकी वही. "सुलू, हे जरा बघतेस का?" मी मान वर न करता म्हटलं, "आता मुख्याध्यापकांशीच बोला." त्यांनी तुम्हाला एकच विचारलं म्हणे, ठोकळे केले होते का? तुम्ही हो म्हणालात. पुढच्या सोमवारपासून तुम्ही तिसरीच्या वर्गावर, निवृत्तीपर्यंत. खोली माझी एकटीची झाली. तुम्ही डबा तिसरीच्या वर्गातच खायला लागलात, आणि मी लेझमांशेजारी बसून एकटीने जेवायला लागले. कितीदा वाटलं उठून तुमच्याकडे जावं. तीस पावलं होती. मी मोजलेली आहेत.

आणि रंजना? वर्षभर तीच चाचणी पुन्हा घेता येत नाही, असा नियम. दाखला दिला नाही, पण मदतही कोणी केली नाही. पाचवीत नापास झाली, परत पाचवीत बसली, आणि दिवाळीनंतर यायची बंद झाली. आई सोबत बाजारात नेते, असं कळलं. पुढे जिन्यात गाठ पडली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझी चाचणी वाचली गं. पोर गेली." मी ताडकन म्हटलं, "चाचणी तुम्हीच खराब केलीत, म्हणून गेली." त्यानंतर आपण या विषयावर बोललो नाही. खरं तर कशावरच बोललो नाही.

नव्वदीत सगळं बदलत गेलं. आमच्या धंद्याला समुपदेशन म्हणायला लागले. पेटीचं महत्त्व कमी झालं, ऐकण्याचं वाढलं. आई-बापांना बोलवा, पोराला बोलू द्या, नुसता आकडा लिहून मोकळे होऊ नका. एका शिबिरात मला पहिल्यांदा शिकवलं की काही मुलांची बुद्धी चांगली असते, फक्त अक्षरं त्यांच्यापुढे ठरत नाहीत, आणि त्याला नाव आहे, उपाय आहेत. मी वहीत उतरवून घेत होते आणि मध्येच पेन थांबलं. रंजना. घाम आलेली मान. वर्गातून उठून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, बाई. आणि तोंड धुऊन परत येऊन बसले. तुम्हाला पत्र टाकलं नाही.

उलट काय केलं, ते सांगायला लाज वाटते. मीच शाळांच्या नव्या समुपदेशकांना शिकवायला लागले तेव्हा तुमची गोष्ट सांगायला लागले. नाव न घेता. "एका शाळेत एक बाई होत्या, त्यांनी बुद्धिमापन चाचणीची शिकवणीच घेतली!" नेलपॉलिशच्या ठिकाणी हमखास हशा यायचा. जन्मात कधी नेलपॉलिश न लावलेली बाई रात्री नऊ ठोकळे रंगवत बसली आहे, हे मी अगदी रंगवून सांगायचे. पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या. आठ महिन्यांपूर्वी असाच हशा झाला आणि माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली. तुम्ही. कुठेतरी माझं नाव वाचून ठाकुर्लीहून ऐकायला आलेल्या. तुम्हीही हसत होतात. पुढचं वाक्य मला आठवेना. चहाच्या वेळी तुम्ही गर्दीतून वाट काढत आलात आणि ते म्हणालात: फक्त एक सांगायचं राहिलं तुझं.

तर काल. मी निघताना विनय आतून पत्र्याचा डबा घेऊन आला. "आई म्हणायची, सुलू येईल, तिला द्यायचं आहे. कुठे ठेवू म्हणून विचारलं की म्हणायची, राहू दे तिथेच, येईल ती." डब्यात नऊ ठोकळे, नेलपॉलिशचा रंग उडालेला, आणि ती खाकी वही.

मी वही सतरंजीवरच उघडली. पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात: रंजनाच्या आकृत्या. पुढे पानापानावर लाल पेन्सिलीने भरलेले चौकोन, आणि प्रत्येक आकृतीखाली एकच शब्द. स्वतः. स्वतः. स्वतः. चारेक आकृत्या माझ्या कार्डांवर आहेत तशा, नऊ ठोकळे दिले तर कोणाच्याही हातून होतील अशा. बाकीच्या कुठल्याच कार्डावर नाहीत. काही तर इतक्या अवघड, की मला ठोकळे हातात घेऊनही लावता येईनात. विनय बघत होता, मी त्याच्या समोर बसून लावत होते आणि येत नव्हतं.

आणि मग मला कपाट आठवलं. कुलूप आठवलं. बाई, चावी माझ्याकडेच होती! सगळा वेळ, माझ्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात. कार्डं तुम्ही बघणार कशी आणि दाखवणार कुठून? हे कळायला काय एम.ए. लागतं? ज्या चावीचा मी एवढा तोरा मिरवला, तिचा मला अहवाल लिहिताना विचारही आला नाही. दुसरं वाक्य खोटं होतं. मी तुमच्यावर आळ घेतला, सही-शिक्क्यानिशी, आणि वर वर्षानुवर्षं त्यावर हशा वसूल केला.

आज सकाळी वही घेऊन कळव्याच्या बाजारात गेले. रंजना आता आईच्या जागेवर बसते. मोठी झाली आहे, केसांत अबोलीचा गजरा, समोर कोलंबीचे वाटे. मी ओळख सांगणार, तोच तिने ओळखलं. "पेटीवाली बाय ना तू?" मी सांगितलं, कुंदाबाई गेल्या. तिने विळी बाजूला केली, हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला हाताने जा म्हणून सांगितलं.

मी वही उघडून तिच्यापुढे धरली. "हे बाईंनी शिकवलं..." म्हणून सुरुवात केली, आणि जीभ चावली. बघा, इतकी वर्षं शिकवूनही मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार होते. मग म्हटलं, "हे कसं झालं, ते सांग मला, रंजना."

तिने माझ्या हातातून वही घेतली आणि फिरवली. "उलटी धरलीस, बाय. ही अशी. ही होरी हाय, ह्या तिचा शीर." कालपासून पंधरा वेळा मी त्या पानाकडे बघितलं होतं आणि मला लाल-पांढरे चौकोन दिसत होते. आता 'स्वतः' डोक्यावर उभं राहिलं आणि होडी दिसली, भरलेल्या शिडाची. तिने पान उलटलं. "हा पापलेट. ही आमच्या घराची कौलां." मी विचारलं, "आणि बाई काय करायच्या?" "काय नाय. माज्या समोर बसून रवायची. मी लावायची, ती तिच्या बाजूनी दिसल तसा लिवायची. चांगला झाला का हसायची."

मग तिने वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. "मंग मी येरी नव्हती ना, बाय?"

तिच्या आईने माझ्या टेबलाला हात टेकून विचारलेला प्रश्न. मी अहवाल येईल म्हटलं होतं. अहवालात मी ठोकळ्यांबद्दल लिहिलं, कार्डांबद्दल लिहिलं, तुमच्याबद्दल लिहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं. अजिबात नाही." शब्द तुमचेच निघाले.

"ता कुंदाबाय पन सांगायची," रंजना म्हणाली. "पन ती मायेनी सांगायची. माजी आय तुजी वाट बगत रवली, का पेटीवाली कवा सांगते." आई दोन वर्षांपूर्वी गेली, असं ती पुढे म्हणाली. मग विळी पायाखाली घेऊन ती नव्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वही मी तिच्यापाशी ठेवून आले. ठोकळे घरी माझ्या टेबलावर आहेत. येत्या शिबिरात मी गोष्ट सांगेन ती पूर्ण सांगेन, चावीसकट. शेवटच्या बाकावर तुम्ही नसाल. माझं सांगायचं राहिलेलं ते एक, ते हेच होतं का, बाई? चावी? की होडी? की त्या माउलीला द्यायचं राहिलेलं उत्तर? की आणखीनच काही? मी आपली अंदाज बांधत बसले आहे, अहवालाच्या दिवशी बांधला तसाच. तुम्हाला विचारायला हवं होतं.